दुःखाच्या काळात काय वाचावं: स्तोत्रसंहिता, ईयोब आणि मननाच्या पुस्तकांचा आठ महिन्यांचा अनुभव

आधी निकाल सांगून टाकतो. घाव ताजा असताना तारीखवार मननाच्या पुस्तकांना पाचपैकी दोन, स्तोत्रसंहितेला (बायबलमधली दीडशे स्तोत्रं) पाच, ईयोबाला (निरपराध असून दुःख भोगणाऱ्या माणसाचं बायबलमधलं पुस्तक) चार. ईयोबाचा एक गुण कापला तो पुस्तकासाठी नाही, आपण ते ज्या तऱ्हेने वापरतो त्यासाठी.

तारीखवार पुस्तकाची अडचण साधी आहे. आजारपणात किंवा मयतीच्या घरात दहा-बारा दिवस सहज बुडतात. मग पुस्तक उघडलं की दहा-बारा पानांची थकबाकी समोर उभी राहते आणि प्रार्थनेच्या आधीच अपराधी वाटायला लागतं. बायबलच्या ॲपमध्ये सलग दिवसांचा आकडा दिसतो, त्याचंही तेच. आकडा शून्यावर आला की वाचणाराही थांबतो. उपाय एवढाच: थकबाकी फेडायची नाही. आजची तारीख उघडायची, मागचं सोडून द्यायचं.

दुसरी गोष्ट सुराची. ऑस्वाल्ड चेंबर्स या धर्मोपदेशकाचं ‘माय अटमोस्ट फॉर हिज हायेस्ट’ हे तारीखवार पुस्तक अनेक घरांत असतं. चेंबर्स १९१७ साली इजिप्तमध्ये वारले. त्यांच्या पत्नीने त्यांची व्याख्यानं लघुलिपीत उतरवून ठेवली होती, त्यातून हे पुस्तक १९२७ मध्ये निघालं. म्हणजे ऐकणारे होते बायबल कॉलेजचे विद्यार्थी आणि सैनिक. सूर वर्गातला आहे, ताठ बसवणारा. धडधाकट माणसाला उत्तम, पण आयसीयूबाहेरच्या बाकावर तो टोचतो. लेटी काउमन यांचं ‘स्ट्रीम्स इन द डेझर्ट’ (१९२५) नवऱ्याच्या दीर्घ आजारपणातल्या वाचनातून जमलेलं असल्याने जवळचं वाटतं, पण ‘दुःख ही देवाची शाळा आहे’ हे त्यातही वरचेवर येतं. पहिल्या महिन्यात ते झेपत नाही. सहाव्या महिन्यात कदाचित झेपेल.

आता स्तोत्रसंहिता. प्रचलित पद्धत अशी: आजची तारीख घ्यायची आणि तीस-तीस मिळवत जायचं. २३ तारखेला २३, ५३, ८३, ११३, १४३. महिन्यात दीडशे पूर्ण. २९ तारखेला ११९ वं येतं, १७६ वचनांचं. ते ३१ साठी राखून ठेवतात. हिशेब सुबक आहे, पण सरासरी ८० च्या वर वचनं रोज होतात आणि एकाच बैठकीत विलाप, विजयगीत, शाप आणि स्तुती सगळं अंगावर येतं. बऱ्या दिवसांसाठी ही पद्धत ठेवावी. वाईट दिवसांत एकच स्तोत्र घ्यावं, सकाळी आणि रात्री तेच, निदान तीन दिवस. माझी यादी: १३, ४२ व ४३ (हे एकच समजून), ५६, ७७, ८८, १०२, १३०, १४२. आठ स्तोत्रं, तीन-तीन दिवस, म्हणजे २४ दिवस. मग पुन्हा पहिल्यापासून.

१३ वं जवळून बघा. सहाच वचनं. पहिल्या दोनांत ‘कोठवर’चा प्रश्न, मूळ हिब्रूत चार वेळा. पुढच्या दोनांत मागणं. शेवटच्या दोनांत भरवसा. आपली खोड अशी की पहिली दोन घाईने उरकायची आणि पाचव्यावर उडी मारायची, कारण तिथे बरं वाटतं. तसं केलं की पाचवं वचन पोकळ लागतं. उलट करा: दोन दिवस फक्त पहिली चार वचनं मोठ्याने वाचा आणि थांबा. तिसऱ्या दिवशी पाचवं आणि सहावं. ‘मोठ्याने’ हे महत्त्वाचं. मनात वाचताना डोळा ओळी गाळतो, तोंडाने वाचताना गाळता येत नाही. ४२-४३ मध्ये ‘हे माझ्या जिवा, तू का खिन्न झालास?’ हे पालुपद तीनदा येतं (४२:५, ४२:११, ४३:५). जीव एकदा समजावून ऐकत नाही, हे लिहिणाऱ्याला ठाऊक होतं.

मधेमधे ‘सेला’ हा शब्द दिसतो, स्तोत्रसंहितेत ७१ वेळा. अर्थ नक्की कोणालाच सांगता येत नाही, म्हणून बरेचजण तो उच्चारतात किंवा गडबडीने ओलांडतात. त्यापेक्षा तिथे दोन श्वास थांबावं. वाचनाचा वेग आपोआप उतरतो.

८८ वं स्तोत्र अंधारात संपतं, शब्दशः. पुढे आशेचं एक वचनही नाही. ‘असलं दुःखी माणसाला कशाला द्यायचं?’ असं मंडळीत विचारलं जातं. पण कॅथलिक रात्रीच्या प्रार्थनेत दर शुक्रवारी हेच स्तोत्र ठेवलेलं आहे, म्हणजे परंपरेला त्याची भीती वाटलेली नाही. माझं मत: ज्याला ‘विश्वास कमी पडतोय’ असं ऐकवलं गेलंय त्याला ८८ आधी द्यावं. देवाला असंही बोलता येतं, हे कळणंच पुष्कळ असतं.

काय देऊ नये, हेही सांगायला हवं. पश्चात्तापाची सात स्तोत्रं (६, ३२, ३८, ५१, १०२, १३०, १४३) सरसकट आजाऱ्याला वाचून दाखवतात. त्यातलं ३८ वं दुखणं थेट पापाशी जोडतं. कॅन्सरच्या रुग्णापुढे ते वाचलं की खोलीत काय होतं ते वेगळं सांगायला नको. त्याऐवजी ४४ वं घ्या. तिथे लोक म्हणतात, आम्ही तुला विसरलो नव्हतो, तरी हे आमच्यावर आलं. नातेवाइकांवर, भावकीवर राग खदखदत असेल तर ५८ आणि १०९ एकट्याने वाचू नयेत. पाळकांबरोबर (चर्चच्या धर्मगुरूंबरोबर) किंवा एखाद्या शहाण्या वडीलधाऱ्याबरोबर वाचावीत.

ईयोब. ४२ अध्याय सलग वाचायला घेतले की माणूस साधारण बाराव्याला गळतो. मी सुचवेन १ ते ३, मग ९, १४, १९, २३, ३८ आणि ४२. कापलेला गुण इथला: दुकानाच्या उद्घाटनाच्या कार्डावर ‘तुझा आरंभ अल्प असला तरी शेवट मोठा होईल’ अशा अर्थाचं ८:७ हौसेने छापतात. ते वचन बिल्ददाचं आहे, ईयोबाचं सांत्वन करायला आलेल्या तीन मित्रांपैकी एकाचं. ४२:७ मध्ये देव त्याच्यावर आणि त्याच्या सोबत्यांवर रागावतो, तुम्ही माझ्याविषयी यथार्थ बोलला नाहीत म्हणून. ईयोबातलं वचन कोणाला पाठवण्यापूर्वी ते कोणाच्या तोंडचं आहे एवढं बघावं. त्या तिघांनी केलेली एकच चांगली गोष्ट म्हणजे सात दिवस, सात रात्री गप्प बसून राहिले (२:१३).

भिंतीवरच्या वचनांचंही तसंच. यिर्मया २९:११ (तुमच्याविषयी माझे बेत भल्याचे आहेत, अशा अर्थाचं) जवळपास प्रत्येक घरात टांगलेलं दिसतं. त्याच्या आधीच्या वचनात सत्तर वर्षं थांबायला सांगितलंय, ते टांगत नाहीत. विलापगीत ३:२२-२३ (देवाची दया रोज सकाळी नवी होते, अशा अर्थाचं) छापतात, पण त्याच अध्यायात वर दात खड्यांनी फोडल्याची तक्रार आहे. ३:१ पासून २४ पर्यंत एका दमात वाचलं तर ‘रोज सकाळी नवी’ या शब्दांना वजन येतं.

आवृत्तीबद्दल. मोठ्याने वाचायला बायबल सोसायटीचं जुन्या वळणाचं मराठी अजून सरस आहे. वाक्यांना ठेका आहे. अर्थ अडला तर सोप्या भाषेतलं भाषांतर शेजारी ठेवावं. फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं ‘सुबोध बायबल’ समजून घ्यायला फार चांगलं, पण जाडजूड. टेबलावर वाचायचं पुस्तक आहे, उशाशी घेऊन नव्हे. दवाखान्यात खिशातला नवा करार नेतात, त्याला स्तोत्रसंहिता जोडलेली आहे ना ते घेताना बघा. त्यात ईयोब आणि विलापगीत नसतं, तेवढे भाग वहीत उतरवून न्यावेत. कागद पातळ असतो, जेल पेनाची शाई पलीकडच्या पानावर उमटते, पेन्सिलच वापरा. समासात नुसती तारीख टाकावी. तीन महिन्यांनी त्याच स्तोत्रावर दुसरी तारीख पडते, आणि दोन तारखांमधलं अंतर बघण्यासारखं असतं. मोबाईलवर पहाटे तीनला वाचायला घेतलं की चौथ्या वचनाशी एखादा मेसेज येतो, म्हणून कागदच बरा.

मननाचं पुस्तक नाही, पण सुचवावंसं वाटतं: लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’. प्लेग, ताटातूट, गरिबी सगळं आहे, आणि उपदेश जवळजवळ नाही. वचनं नकोशी झालेल्या दिवसांत यातली चार पानं चालतात, हसूही येतं. सी. एस. लुईस यांचं ‘अ ग्रीफ ऑब्झर्व्हड’ (१९६१, पहिल्यांदा टोपणनावाने) पत्नी गेल्यावर लिहिलेलं, छोटंसं आहे, पण जोडीदार गेलेल्याला लगेच देऊ नका. सुरुवातीचा भाग देवावरच उलटलेला आहे.

एक मर्यादा मात्र आहे. झोप आणि भूक दोन-तीन आठवडे गेलेली असेल, जगणं नको वाटत असेल, तर स्तोत्रांची यादी वाढवू नये, डॉक्टरकडे जावं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मराठीतही चालतो. यात अविश्वास काही नाही. बायबलमध्ये १ राजे १९ मध्ये एलीया संदेष्टा झुडपाखाली मरण मागत पडतो, तेव्हा देवदूत त्याला वचन ऐकवत नाही. निखाऱ्यावरची भाकर आणि पाण्याचं भांडं ठेवतो, ऊठ, खा म्हणतो, आणि पुन्हा झोपू देतो. मग दुसऱ्यांदा येऊन परत खायलाच सांगतो.