लोटस एक्सीजचं सस्पेन्शन सेटअप: एकदाचं जमलं!

माझी २००६ ची एक्सीज एस, लोटसची छोटी स्पोर्ट्स कार, वजन साधारण ९३५ किलो, २१८ हॉर्सपॉवर आणि व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) फक्त २३०० मिलिमीटर, त्यात इंजिन पाठीमागे, म्हणजे मागचं घसरायला लागलं की सावरायला वेळच मिळत नाही. आधीच्या गॅरेजवाल्याने डँपर (शॉक अ‍ॅब्सॉर्बर) नुसते कडक करून दिले होते, स्नेटरटनच्या रेस ट्रॅकवर कोरम नावाच्या लांबलचक उजव्या वळणात जरा थ्रॉटल सोडला की मागचं निघालंच, दोनदा गवतात गेलो.

मग इथे इंग्लंडच्या नॉरफोकमधल्याच एका छोट्या वर्कशॉपात नेली. त्या माणसाने आधी मलाच सीटवर बसवलं, अर्धी टाकी पेट्रोल ठेवलं, चारही चाकांखाली वजनकाटे, आणि स्प्रिंगची बैठक थोडी थोडी फिरवत तिरक्या जोड्यांची वजनं जुळवत बसला. बघत राहावं असं काम! मागच्या एका चाकाला टो-आऊट (चाकाचं पुढचं टोक बाहेर वळलेलं) निघाला, खरा चोर तोच. तिथे दोन्हीकडे सारखा टो-इन (टोक जरा आत) दिला, पुढचा कँबर (चाकाचा उभा कल) शिम म्हणजे पातळ पट्ट्या काढून वाढवला, आणि डँपर उलट मऊ केले, कारण एवढ्या हलक्या गाडीला कडक डँपर म्हणजे टायर रस्त्यावर टिकतच नाही, उड्या मारतो.

पुढच्या ट्रॅक डेला (आपली गाडी ट्रॅकवर पळवायचा दिवस) तोच कोरम, मुद्दाम थ्रॉटल सोडून बघितला, नाक हळूच आत वळलं, मागचं जागेवर. अख्खा दिवस गेला आणि पैसेही बरेच गेले, पण हा माणूस सोडू नका. फक्त बसायला जागा नाही, जॅकेट घेऊन जा, शेडमध्ये जाम थंडी असते.