माइनस्वीपर बॅज: टॉम्बाकचा घ्यावा की जस्ताचा?

क्रिग्समरीनचा, म्हणजे नाझी जर्मनीच्या नौदलाचा, पहिला बॅज म्हणून बरेच संग्राहक माइनस्वीपर (समुद्रातले सुरुंग काढणाऱ्या जहाजांवरच्या खलाशांच्या) बॅजवर येतात. यू-बोट, म्हणजे पाणबुडीच्या बॅजपेक्षा परवडतो आणि पाण्याचा उसळलेला स्तंभ दिसतोही देखणा. 31 ऑगस्ट 1940 ला तो सुरू झाला तेव्हा टॉम्बाकमध्ये, म्हणजे तांबं जास्त असलेल्या पितळेत, निघत होता. पुढे तांब्याची चणचण झाली आणि जस्त आलं.

जस्ताच्या बाजूने बोलायचं तर तो स्वस्त पडतो, बाजारात सहज मिळतो आणि युद्धाच्या उत्तरार्धात खलाशांच्या छातीवर बहुधा हाच असायचा. हातात घेतला की हलका लागतो: जस्ताची घनता घनसेंटिमीटरला 7.1 ग्रॅम, टॉम्बाकची 8.7 च्या आसपास.

जस्तावरून माझं मन उडालं ते मुलाम्यामुळे. जस्तावरचा पातळ सोनेरी थर वर्षानुवर्षं खालच्या धातूत जिरत जातो. बॅज कधी कपड्याला न लागताही ओकच्या पानांचं कडं करडं पडतं. त्यामुळे करडा बॅज वापरलेला की पेटीतलाच, हे सांगता येत नाही, आणि झळझळीत दिसला तर मुलामा मूळचा की कोणी परवा चढवलेला, हा घोर लागतो. टॉम्बाकवर झीज उंचवट्यांवर होते, म्हणजे गरुडाची छाती आणि पानांच्या शिरा. खोलगट भागात सोनं टिकून राहतं. ही झीज वाचता येते.

मागच्या पिनच्या बिजागरीचंही तसंच. टॉम्बाकवर झाळण नीट धरते. जस्त 419 अंशांना वितळतं, त्यामुळे तुटलेली बिजागरी पुन्हा बसवताना हात जरा चुकला की पाठ खराब होते. मागे झाळणीचा ओबडधोबड गोळा दिसला तर दुरुस्ती समजा आणि भाव पाडून मागा.

नकला दोन्हींच्या आहेत. अस्सल बॅजवरून साचा काढून ओतलेली नक्कल आकसते, म्हणून त्याच कारखान्याच्या खात्रीच्या नगाशी कॅलिपरने उंची-रुंदी ताडून पाहा. 10 पट भिंगाखाली पानांच्या मधल्या खोबणीत बुडबुड्यांचे खड्डे शोधा. टॉम्बाक ठशाने पाडलेला असल्याने तिथे असले खड्डे दिसले की विषय संपला. जस्ताचे काही अस्सल नगही ओतीव असतात, म्हणून तिथे हीच खूण निम्मी निकामी होते. चुंबक पिनला चिकटला तर घाबरू नका, पिन लोखंडी असू शकते. अंगाला मात्र चिकटता कामा नये. जर्मन विक्रेते कायद्यामुळे फोटोत बॅजवरचं नाझी स्वस्तिक झाकतात. ते उघडं दाखवणारा फोटो मागून घ्या, कारण बोथट ओतकाम त्या कडांवर लगेच उघडं पडतं.

बजेट तंग असेल तर जस्ताचा घ्यायला हरकत नाही. पण त्याच पैशात झिजलेला, अगदी पिन गमावलेला टॉम्बाक मिळत असेल तर मी तिकडे झुकेन. जस्ताचाच घेतलात तर पीव्हीसीच्या पाकिटात किंवा ओकच्या खणात ठेवू नका, त्यांतून सुटणारी आम्लं त्यावर पांढरा गंज आणतात. मुंबई-कोकणच्या दमट हवेत डबीत सिलिका जेलची पुडी हवीच.