गाडीच्या एसीत घरच्या घरी गॅस भरायचं किट, दोन महिने वापरून लिहितेय

एप्रिलच्या शेवटी मी ऑनलाइन एक किट मागवलं, गाडीच्या एसीत घरीच गॅस टॉप अप करायचं. एक पाईप, त्यावर रंगीत पट्ट्यांचं मीटर, आणि डब्याला लावायचा नळ, एवढंच असतं त्यात, साडेअकराशे रुपये. गॅसचा ४५० ग्रॅमचा डबा वेगळा, तो नाना पेठेतून आणला. किटचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये कारण अगदी असंच दिसणारं किट मला पाच-सहा नावांनी दिसलं, त्यामुळे जे लिहितेय ते या प्रकारच्या किटबद्दल आहे असं समजा.

गाडी २०१४ ची पेट्रोल हॅचबॅक. आम्ही धायरीत राहतो आणि आईला गुडघ्याच्या फिजिओथेरपीला आठवड्यातून तीनदा डेक्कनला न्यावं लागतं, वेळ मिळाली ती पण भर दुपारी दोनची. गाडी पळत असेल तोवर एसी बरा लागायचा पण राजाराम पुलाच्या सिग्नलला थांबलं की नुसती गरम हवा. आई काही बोलायची नाही, पदरानं वारा घेत बसायची, आणि मला ते बघवत नव्हतं. त्याआधी दोन उन्हाळे मी एका गॅरेजात जाऊन "गॅस संपलाय ताई" हे ऐकून पंधराशे-अठराशे देऊन आले होते, आणि दरवेळी मला वाटायचं की गॅस पण पेट्रोलसारखा संपतच असेल.

तसा तो संपत नाही हो. हे मला आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांनी सांगितलं, त्यांचं सगळं आयुष्य कोल्ड स्टोरेजच्या मशिनरीत गेलंय. ते म्हणाले, "अगं, तो गॅस आतल्या आत फिरतो, कॉम्प्रेसर दाबतो, कंडेन्सरमध्ये थंड होऊन त्याचा द्रव होतो, कूलिंग कॉइलमध्ये परत उकळतो. जळत नाही, झिजत नाही. कमी झाला म्हणजे कुठून तरी बाहेर गेला." जुन्या गाडीत रबरी पाईप आणि सीलमधून वर्षानुवर्षं थोडा थोडा जातो ते वेगळं, पण दर उन्हाळ्याला भरावा लागतोय म्हणजे लीकेज आहे. दोन वर्षं पैसे घेतले आणि हे एक वाक्य गॅरेजात कुणी बोललं नाही याचा मला अजून राग आहे.

काकांनी किट लगेच लावूच दिलं नाही. आधी डॅशबोर्डचा खण काढून केबिन फिल्टर बघायला लावला, तो धुळीनं काळा पडला होता, बदलला, वारा जोरात यायला लागला पण गारवा तेवढाच. मग एसी लावून कंडेन्सरचा पंखा फिरतो का ते बघितलं, फिरत होता. मग पुढच्या जाळीतून कंडेन्सरवर पाणी मारलं, हलक्या धारेनं, कारण जोरात मारलं तर त्याच्या पातळ पत्र्या वाकतात. सिग्नलला गरम आणि पळताना गार असं असलं तर पंखा किंवा मळका कंडेन्सर हे गुन्हेगार असू शकतात आणि तिथे गॅस भरून काही होत नाही, उलट जास्त होतो. आमच्याकडे हे सगळं करून पण व्हेंटला, म्हणजे डॅशबोर्डवर गार हवा येते त्या जाळीला, थर्मामीटर १८ डिग्री दाखवत होतं. हा स्वयंपाकघरातला काडीचा थर्मामीटर घ्याच घ्या, किटमध्ये तो नसतो आणि खरं तर तोच सगळ्यात उपयोगी पडला.

आता मीटरबद्दल, कारण माझी सगळ्यात मोठी तक्रार तिथेच आहे. मीटरवर निळा, हिरवा, पिवळा, लाल असे पट्टे आहेत, हिरवा साधारण २५ ते ४५ पीएसआय (हे प्रेशर मोजायचं एकक). मी गाडी बंद असताना पाईप जोडला आणि काटा सरळ लालमध्ये, ११० च्या आसपास. म्हणजे मला वाटलं गॅस खूप जास्त झालाय! काका म्हणाले, थांब, बाहेर किती डिग्री आहे? ३४ होतं. आमच्या गाडीतला आर-१३४ए नावाचा गॅस बंद सिस्टिममध्ये ३४ डिग्रीला तेवढंच प्रेशर दाखवणार, आत थोडा जरी द्रव शिल्लक असेल तरी. एलपीजीच्या सिलेंडरसारखं, अर्धा असो की भरलेला, आतलं प्रेशर तापमानावर ठरतं. म्हणजे गाडी बंद असतानाचं रीडिंग फक्त एवढंच सांगतं की आत गॅस आहे, किती आहे ते नाही. किटच्या कागदावर हे एका ओळीनं पण लिहिलेलं नाही. ज्याच्या घरी असे काका नाहीत तो एकतर घाबरून गॅस सोडून देईल, नाहीतर मीटर खराब आहे म्हणून परत पाठवेल.

एसी लावल्यावर खरं चित्र दिसलं. काटा २० च्या खाली जायचा, टक् आवाज होऊन कॉम्प्रेसर बंद, काटा वर, परत टक्, परत चालू, दर दहा-पंधरा सेकंदाला. गॅस कमी झाला की प्रेशरचा स्विच कॉम्प्रेसरला वाचवायला त्याला बंद करतो, ते हे. त्यामुळे गॅस कमी आहे हे तरी नक्की झालं.

भरताना काय काय केलं ते सविस्तर लिहिते कारण व्हिडिओत दोन मिनिटांत उरकतात. बॉनेटच्या आतला स्टिकर आधी वाचला, त्यावर गॅसचा प्रकार आणि वजन असतं, आमच्या गाडीत आर-१३४ए, ३८० ग्रॅम. नवीन काही गाड्यांत आर-१२३४वायएफ असतो, त्याचे पोर्ट (गॅस भरायची तोंडं) पण वेगळे, त्यात हा गॅस घालायचा नाही. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडी असेल तर हे किट विसराच, त्यांच्या कॉम्प्रेसरला ऑइल वेगळं लागतं. पाईप लावायचा तो "एल" (लो, कमी प्रेशर) लिहिलेल्या टोपीच्या पोर्टला, जाड पाईपवर. "एच" चा (हाय, जास्त प्रेशर) पोर्ट आकारानं मोठा असतो म्हणून किटचं कपलर, म्हणजे पाईपचं पोर्टला बसणारं टोक, तिथे बसत नाही, हे एक चांगलं आहे, कारण तिथलं प्रेशर उन्हाळ्यात २०० पीएसआयच्या वर सहज जातं आणि ते उलटं डब्यात आलं तर पत्र्याचा डबा फुटू शकतो. अडॅप्टर लावून तिथे जोडायचा उद्योग कुणी करू नका, हात जोडून सांगते.

हातात ग्लोव्ह्ज, डोळ्याला चष्मा. हा गॅस उघड्या हवेत उणे २६ डिग्रीला उकळतो म्हणजे बोटावर द्रव उडाला तर कातडी गोठते. पाईपमधली हवा बाहेर काढायला कपलर लावायच्या आधी नळ किंचित उघडून फुस्स इतकाच गॅस सोडला. हवा आत गेली तर तिचा गॅससारखा द्रव होत नाही, ती कंडेन्सरमध्ये अडून बसते आणि प्रेशर वाढवते, शिवाय तिच्याबरोबर ओलावा जातो. मग इंजिन चालू, एसी फुल्ल, ब्लोअर चारवर, चारही दारं उघडी. डबा उभा धरायचा, उलटा नाही, म्हणजे वरचा वायू जातो, द्रव जात नाही, कॉम्प्रेसर द्रव दाबायला बनलेला नाहीये. डबा गार पडून त्यावर पांढरं बर्फ धरलं आणि गॅस जायचा मंदावला, तेव्हा कोमट पाण्याच्या बादलीत ठेवला, फक्त कोमट, उकळतं पाणी किंवा हीटर अजिबात नाही.

आणि डबा स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर! ही काकांची आयडिया. दर तीस-चाळीस ग्रॅमला नळ बंद, पाच मिनिटं थांबायचं, लेक व्हेंटचं तापमान मोठ्यानं वाचून दाखवत होता, अठरा, पंधरा, बारा. १२० ग्रॅमला काटा ३५ वर स्थिर, टक्-टक् बंद, व्हेंटला ९ डिग्री. मी अजून थोडा टाकू का म्हटलं तर काकांनी सरळ नळ बंद केला. आधीचा आत किती होता ते आपल्याला माहीत नाही, त्यामुळे डबा संपेपर्यंत भरणं हा जुगार आहे. ३८० ग्रॅमच्या सिस्टिममध्ये पन्नास ग्रॅम जास्त म्हणजे खूप झाले, गारवा उलट कमी होतो आणि कॉम्प्रेसरवर लोड येतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी आईनं डेक्कनपर्यंत एकदाही पदर हलवला नाही. त्या दिवशी मी या किटला पाच स्टार दिले असते.

तीन आठवडे. मग परत १६ डिग्री.

आता मला समजलं होतं की परत भरायचं नाही. साबणाच्या पाण्याचा फवारा घेऊन सगळे जॉइंट बघितले, पोर्टच्या आतल्या व्हॉल्व्हला पण बुडबुडे नव्हते. पण बंपरच्या जाळीतून टॉर्च मारला तर कंडेन्सरच्या खालच्या कोपऱ्यात धुळीचा एक तेलकट, ओला डाग. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं ऑइल फिरत असतं, जिथून गॅस जातो तिथे ते पाझरून धूळ धरतं. कंडेन्सर सगळ्यात पुढे असतो, रस्त्यावरचा खडा तिथेच लागतो.

किटचा दुसरा दोष पण याच वेळी कळला. उरलेला डबा मी नळासकट काट्यावर वजन करून माळ्यावर ठेवला होता, तीन आठवड्यांनी ७५ ग्रॅम कमी भरला. म्हणजे नळाचं रबरी वॉशर धड बसत नाही, बंद करून पण गॅस जात राहतो. हा नुसता पैशांचा प्रश्न नाहीये. आर-१३४ए ओझोनला धक्का लावत नाही म्हणून जुन्या, ओझोनला मारणाऱ्या आर-१२ गॅसच्या जागी आला, पण हवेत गेला की शंभर वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या साधारण १,४०० पट उष्णता धरतो. आपल्या छोट्या गाडीतला सगळा गॅस उडून गेला तर अर्धा टन कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखं. हे गॅस कमी करत न्यायच्या किगाली करारावर भारतानं २०२१ मध्ये शिक्कामोर्तब केलंय, आणि इकडे मी गळका नळ लावून तोच गॅस माळ्यावर सोडत होते, मला फार वाईट वाटलं.

मग वारज्याच्या एका एसीवाल्याकडे गेले, छोटं दुकान, फक्त गाड्यांच्या एसीचं काम. त्या दादांनी पहिला प्रश्न विचारला, "ताई, लीकेज बंद करायचं केमिकलवालं काही टाकलंय का?" नव्हतं टाकलं. काही डब्यांत गॅसबरोबर सीलंट असतं, ते आत घट्ट होऊन एक्स्पान्शन व्हॉल्व्ह (कूलिंग कॉइलच्या आधीचं बारीक तोंड) तुंबवतं आणि त्यांचं मशीनही खराब करतं, अशी गाडी ते मशीनला लावतच नाहीत म्हणाले. डबा घेताना साधा गॅसच घ्या, हे माझं नशीब की दुकानात तोच मिळाला. त्यांनी उरलेला गॅस मशीनमध्ये काढून घेतला, १९० ग्रॅम निघाला, म्हणजे बरोब्बर निम्मा. नायट्रोजन भरून प्रेशर दिलं तर त्याच कोपऱ्यातून बुडबुडे. कंडेन्सर बदलला, आमच्या गाडीत ड्रायर (ओलावा शोषणारा भाग) त्यालाच जोडून येतो, मग पंपानं आतलं सगळं ओढून काढत पाऊण तास व्हॅक्यूम मारला.

व्हॅक्यूमच्या मीटरवर काटा २८ इंचाला (पाऱ्याच्या इंचांत मोजतात) थांबला. मी व्हिडिओत २९ च्या पुढे नेतात ते बघितलेलं म्हणून विचारलं, तर ते हसले, "ताई, पुण्यात २८ च्या पुढे जातच नाही." घरी येऊन काकांना विचारलं तर बरोबर निघालं, पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर वर आहे, इथे हवेचाच दाब तेवढा कमी. तिथे काटा वीस मिनिटं हलला नाही तेव्हा त्यांनी स्टिकरप्रमाणे ३८० ग्रॅम वजन करून भरले. व्हॅक्यूमनं आतली हवा आणि ओलावा निघतो, आणि आत एकूण नेमका किती गॅस आहे ते कळतं, या दोन गोष्टी घरच्या किटनं होऊच शकत नाहीत. सगळे मिळून ७,९०० घेतले, जुना कंडेन्सर हातात देऊन भोक दाखवलं.

तर किट घ्यावं का? गाडी जुनी आहे, चार-पाच वर्षांत कधी गॅस भरला नाही आणि गारवा हळूहळू कमी झालाय, तर वजनकाटा आणि थर्मामीटर घेऊन थोडा टॉप अप करायला चालेल. गेल्याच वर्षी भरला होता आणि परत गरम, तर साडेअकराशे वाचवा आणि सरळ लीकेज शोधणाऱ्याकडे जा. मीटरला मी चार स्टार देईन, रंगांकडे न बघता आकडे वाचणार असाल तर. पाईपला तीन. नळाला शून्य, डबा एका बैठकीत संपणार नसेल तर तो नळ वापरूच नका. मराठीत तर सोडाच, इंग्रजीत पण धड सूचना नाहीत त्याबद्दल एक स्टार कापला.

मी मीटर अजून ठेवलंय. महिन्यातून एकदा एसी चालू करून काटा बघते आणि वहीत तारीख, बाहेरचं तापमान, व्हेंटचं तापमान लिहून ठेवते. मागच्या आठवड्यात पालखीमुळे रस्ते बंद होते, स्वारगेटच्या अलीकडे आम्ही जवळजवळ दोन तास एकाच जागी, बाहेर पावसाची भुरभुर, काचा धुरकट व्हायला लागल्या की एसीनं दोन मिनिटांत साफ. व्हेंटला ८ डिग्री होतं. आई म्हणाली, जरा कमी कर गं, गार वाजतंय.