नवा वेब प्रोजेक्ट: थेट मशीनवर, डॉकरमध्ये की क्लाउडवर?

नवा प्रोजेक्ट हाती घेतला की फ्रेमवर्क कुठलं यावर तासन्‌तास चर्चा होते. डेव्हलपमेंट सेटअप, म्हणजे कोड लिहून चालवून बघायची व्यवस्था, मात्र जे ट्युटोरियल आधी सापडेल त्यावरून ठरतो. पुढचे कित्येक महिने रोज त्यातच काम करायचं असतं, म्हणून यावर अर्धा तास विचार कराच.

थेट मशीनवरचा रस्ता सगळ्यात जवळचा. जँगो या पायथनच्या वेब फ्रेमवर्कचंच घ्या. व्हेन्व (त्या प्रोजेक्टपुरतं पायथनचं वेगळं एन्व्हायरन्मेंट) बनवा, ॲक्टिव्हेट करा, पॅकेजेस टाका, रनसर्व्हर ही कमांड द्या, की ८००० पोर्टवर पान दिसलंच. फाइल सेव्ह केली की सर्व्हर आपोआप रीलोड होतो, डीबगर जोडायला काही वेगळं करावं लागत नाही. शिकणाऱ्याने आणि एकट्याने काम करणाऱ्याने इथूनच सुरुवात करावी.

हा रस्ता अडतो तो डेटाबेसपाशी. व्हेन्व पायथनची पॅकेजेस वेगळी ठेवतं, पोस्टग्रेससारखा डेटाबेस वेगळा ठेवत नाही. जुन्या प्रोजेक्टला पोस्टग्रेस १३ हवं, नव्याला १६, आणि दोघांनाही ५४३२ हाच पोर्ट हवा. त्यात एका मेजर व्हर्जनची डेटा डिरेक्टरी दुसरं व्हर्जन उघडत नाही, म्हणजे नुसतं अपग्रेड करूनही सुटका नाही.

डॉकर, म्हणजे प्रत्येक प्रोग्रॅम त्याला लागणाऱ्या गोष्टींसकट वेगळ्या डब्यात (कंटेनरमध्ये) चालवणारं टूल, नेमकं हेच सोडवतं. ॲप, पोस्टग्रेस, रेडिस (मेमरीत डेटा ठेवणारा वेगवान डेटाबेस), सगळं व्हर्जनसकट एका कंपोझ फाइलमध्ये लिहिलेलं असतं. टीममध्ये नवीन आलेला माणूस रेपो (प्रोजेक्टच्या कोडचा साठा) क्लोन करतो, ‘डॉकर कंपोझ अप’ देतो आणि कामाला लागतो. हे सुख खरं आहे. पण पहिल्या दिवशी कुठे ठेच लागते तेही माहीत असू द्या.

कंटेनर व्यवस्थित चालू, लॉगमध्ये एरर नाही, तरी ब्राउझरमध्ये पान उघडत नाही. यात माझी एक अख्खी संध्याकाळ गेली होती. कारण एवढंच की रनसर्व्हर मुळात १२७.०.०.१ वर, म्हणजे लोकलहोस्ट या मशीनच्या स्वतःच्या पत्त्यावर, ऐकतो आणि कंटेनरमध्ये त्याचा अर्थ तो कंटेनर स्वतः. ०.०.०.० वर, म्हणजे सगळ्या पत्त्यांवर, ऐकायला लावलं आणि पान आलं. डेटाबेसचंही तसंच. सेटिंगमध्ये होस्ट म्हणून लोकलहोस्ट चालत नाही, कंपोझ फाइलमध्ये सर्व्हिसला दिलेलं नाव लिहावं लागतं.

नोडवाल्यांची (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्यांची) ठेच वेगळी. मॅकवर इन्स्टॉल केलेलं नोड मॉड्यूल्स हे पॅकेजेसचं फोल्डर जसंच्या तसं कंटेनरमध्ये माउंट झालं (जोडलं गेलं), की नेटिव्ह पॅकेजेस, म्हणजे त्या त्या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी बनवलेली पॅकेजेस, ‘इनव्हॅलिड ईएलएफ हेडर’ म्हणत बंद पडतात, कारण कंटेनर लिनक्सचा असतो. त्या फोल्डरला वेगळा व्हॉल्यूम (डॉकरने सांभाळलेली साठवणीची जागा) द्या. शिवाय मॅक आणि विंडोजवर डॉकर आतून लिनक्स व्हर्च्युअल मशीनच चालवतं, त्यामुळे माउंट केलेल्या हजारो फाइल वाचताना वेग पडतो. विंडोजवर डब्ल्यूएसएल २ (विंडोजमध्येच लिनक्स चालवायची सोय) वापरत असाल तर कोड सी ड्राइव्हवर ठेवू नका, लिनक्सच्या होम फोल्डरमध्येच ठेवा. वेग तर वाढतोच, पण सेव्ह केल्यावर रीलोड न होण्याची कटकटही मिटते.

क्लाउडचा पर्याय, म्हणजे इंटरनेटवरून वापरायचं दूरचं मशीन, गिटहब कोडस्पेसेससारखं काही, लॅपटॉपची रॅम कमी असेल किंवा दोन दिवसांपुरतं कुणाला कामात घ्यायचं असेल तर छान. रोजच्या कामासाठी मी तो घेणार नाही. नेट गेलं की काम थांबतं, आणि कोडस्पेस ३० मिनिटं वापरात नसेल तर डीफॉल्ट सेटिंगनुसार बंद होतो.

मी सुरुवात मधल्या वाटेने करतो. पोस्टग्रेस आणि रेडिस डॉकरमध्ये, कोड थेट मशीनवर. डेटाबेसची व्हर्जनं भांडत नाहीत आणि रीलोडचा वेगही हातचा जात नाही. इथे होस्ट लोकलहोस्टच राहतो, जुन्या प्रोजेक्टचा पोर्ट फक्त ५४३३ करायचा. पायथन आणि नोडचं व्हर्जन मात्र रेपोतच लिहून ठेवा आणि लॉक फाइल (पॅकेजेसची नेमकी व्हर्जनं नोंदवणारी फाइल) कमिट करा. वेगळी ऑपरेटिंग सिस्टिम वापरणारा दुसरा माणूस आला, किंवा प्रॉडक्शनवरही कंटेनरच जाणार असं ठरलं, की मग ॲपही आत न्यावं.

आणि ‘डॉकर कंपोझ डाउन’ला मायनस व्ही (-v) लावताना थांबा. त्याने कंटेनरसोबत व्हॉल्यूमही जातात, म्हणजे डेटाबेसमधला सगळा डेटा गेला. सीड स्क्रिप्ट, म्हणजे रिकाम्या डेटाबेसमध्ये नमुन्याचा डेटा भरणारी स्क्रिप्ट, पहिल्याच दिवशी लिहा.