बदल झाला का, हे विचारावं लागतं: पायथॉनच्या एसक्यूलाइट३ मॉड्यूलचं परीक्षण

पायथॉन बसवलं की एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस वापरण्याचं एसक्यूलाइट३ मॉड्यूल सोबत येतं, २.५ आवृत्तीपासून ते मूळ संचातच आहे. सर्व्हर नाही, पासवर्ड नाही, अख्खा डेटाबेस एका फाइलीत. नुसत्या वाचनासाठी त्यात खोट काढायला फारशी जागा नाही. अपडेट (नोंदी बदलणारा आदेश) चालवताना मात्र त्याचा स्वभाव ओळखून असावं लागतं: काम फसलं तरी ते बऱ्याचदा गप्प राहतं.

नवख्यांना पहिला फटका बसतो तो कमिटचा, म्हणजे बदल कायम करण्याचा. अपडेट चालवताच मॉड्यूल स्वतःहून ट्रान्झॅक्शन (एकत्र कायम किंवा रद्द होणारा बदलांचा गट) उघडतं, पण पूर्ण करत नाही. कमिट न करता प्रोग्रॅम संपला की बदल गेला. त्याच कनेक्शनवरून सिलेक्ट (वाचन) केलं तर नवा आकडा दिसत असतो, म्हणून चूक भलत्याच ठिकाणी शोधली जाते. यावर विथ ब्लॉक उत्तम: ब्लॉक नीट संपला तर कमिट, एक्सेप्शन (चूक) आलं तर रोलबॅक, म्हणजे बदल मागे. फक्त फाइलीच्या विथसारखं तो कनेक्शन बंद करत नाही. क्लोज वेगळं लिहावं लागतं.

खरा गप्पपणा पुढे आहे. कोणत्या ओळी बदलायच्या ते सांगणाऱ्या व्हेअरमधल्या अटीला एकही ओळ जुळली नाही, तरी अपडेट यशस्वीच मानलं जातं. ना एरर, ना इशारा. उत्तर कर्सरच्या (आदेश चालवणाऱ्या ऑब्जेक्टच्या) रोकाउंटमध्ये असतं आणि ते दर वेळी तपासायलाच हवं. एक ओळ बदलायची असेल तर रोकाउंट १ आहे का पाहा, नसेल तर स्वतः एक्सेप्शन उठवा. इथे हे मॉड्यूल मला मनापासून आवडतं, कारण आकड्याचा अर्थ स्वच्छ आहे: जुळलेल्या ओळी मोजल्या जातात, मग नवं मूल्य जुन्याइतकंच असलं तरी. मायएसक्यूएल हा दुसरा डेटाबेस मुळात प्रत्यक्ष बदललेल्याच ओळी मोजतं, त्यामुळे तिथे ० आलं तर नोंद नाही की फरक नाही, हे कळत नाही.

या आकड्यावर बरंच काही उभं करता येतं. साठ्यातून ३ नग वजा करायचे तर आधी सिलेक्ट, मग पायथॉनमध्ये वजाबाकी, मग अपडेट असं करू नका. मधल्या वेळात दुसऱ्याने आकडा बदलला तर त्याचा बदल पुसला जातो. ‘नग = नग - ?’ असं थेट लिहा (‘?’ म्हणजे मूल्याची रिकामी जागा) आणि व्हेअरमध्ये ‘नग >= ?’ जोडा. रोकाउंट ० आलं म्हणजे वस्तूच नाही किंवा साठा अपुरा. फॉर्मवरून होणाऱ्या दुरुस्त्यांसाठी आवृत्ती क्रमांकाचा कॉलम ठेवा: वाचलेला क्रमांक व्हेअरमध्ये, नवं मूल्य देणाऱ्या सेटमध्ये त्यात १ मिळवायचा. ० आलं तर मधे कोणीतरी नोंद बदलली किंवा काढली आहे.

मूल्यं नेहमी प्रश्नचिन्हातून द्या, स्ट्रिंग जोडून कधीही नाही. एकच मूल्य असेल तर टपलमधला (कंसातल्या मूल्यांच्या यादीतला) शेवटचा स्वल्पविराम विसरू नका. तो नसला आणि मूल्य चार अक्षरी कोड असला, तर १ हवं होतं, ४ मिळाली अशी तक्रार येते, कारण स्ट्रिंगचं प्रत्येक अक्षर वेगळं मूल्य धरलं जातं. ही चूक निदान बोलते. व्हेअरमध्ये ‘= ?’ ला None (पायथॉनमधलं ‘मूल्य नाही’) दिलं तर मात्र काहीच जुळत नाही, तिथे ‘इज ?’ लिहावं लागतं.

सर्वांत घातक दुहेरी अवतरणं. त्यांच्यात लिहिलेलं कॉलमचं नाव चुकलं तर एसक्यूलाइट, ही सोय बंद केलेली नसेल तर, त्याला मजकूर समजतं. ‘नग = "नगग" - १’ चालवून पाहा: मजकुराची किंमत ० धरली जाते आणि जुळलेल्या प्रत्येक ओळीत उणे १ बसतं. रोकाउंटसुद्धा बरोबर येतं! पायथॉन ३.१२ पासून सेटकॉन्फिगने ही सवलत बंद करता येते, ती करावीच. शिवाय पूर्णांकाच्या कॉलमात मजकूर बिनतक्रार बसतो, तो थांबवायला टेबल बनवतानाच स्ट्रिक्ट लिहा (एसक्यूलाइट ३.३७ पासून).

हजारो ओळींसाठी एक्झिक्यूटमेनी (एकच आदेश अनेक मूल्यांवर चालवणारं फंक्शन) आणि शेवटी एकच कमिट. लूपमध्ये दर ओळीला कमिट केलं तर दर वेळी डिस्कवर लिहून होईपर्यंत थांबावं लागतं. रोकाउंट इथे एकूण बेरीज देतं; कोणती ओळ हुकली हे सांगत नाही. ते हवं असेल तर लूपमध्ये साधं एक्झिक्यूट, कमिट तरीही शेवटीच.

लिहिणारा एका वेळी एकच. दुसरा मुळात ५ सेकंद थांबतो, मग ‘डेटाबेस इज लॉक्ड’. टाइमआउट वाढवण्याआधी ट्रान्झॅक्शन उघडं ठेवून कोण बसलंय ते शोधा. वॉल मोडमध्ये (बदल आधी वेगळ्या फाइलीत लिहिण्याच्या पद्धतीत) वाचक अडत नाहीत, पण आधी वाचून त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये लिहायला गेलात आणि मधे दुसऱ्याने लिहिलं असेल, तर ५ सेकंदही न थांबता तीच एरर येते. अशा वेळी वाचण्याआधीच ‘बिगिन इमिजिएट’ चालवून लिहिण्याचा हक्क घ्या. अनेक यंत्रांवरून लिहायचं असेल तर ही फाइल नेटवर्क ड्राइव्हवर ठेवू नका, तिथली लॉकिंग भरवशाची नसते, पोस्टग्रेससारखा सर्व्हरवरचा डेटाबेस घ्या.