ट्रॅप कॅमेरा रात्री आंधळा होतो? आधी सेल तपासा, मग कॅमेरा बदला

ट्रॅप कॅमेरा म्हणजे जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा. त्याचे दिवसाचे फोटो स्वच्छ आणि रात्रीचे काळेकुट्ट आले की बहुतेक जण फ्लॅश गेला असं समजून नवा कॅमेरा शोधायला लागतात. माझा आग्रह आहे की त्याआधी सेलकडे नीट बघा. दिवसाच्या फोटोला करंट फारसा लागत नाही. रात्री मात्र फ्लॅशच्या इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्यांना जवळपास न दिसणारा उजेड देणाऱ्या, एलईडींची सगळी रांग एका क्षणात पेटते आणि दमलेल्या सेलचं व्होल्टेज तिथेच खाली बसतं. फोटो काळा येतो, नाहीतर कॅमेरा बंद पडून पुन्हा सुरू होतो.

नुसत्या मल्टिमीटरवर विसंबू नका. भार नसताना थकलेला सेलही बऱ्यापैकी व्होल्टेज दाखवतो. मी टॉर्चचा जुना, तारेचा बल्ब सेलला जोडतो आणि तो पेटलेला असतानाच मोजतो. एकदा आठ अल्कलाइन सेलमधले सात १.४ च्या आसपास टिकले आणि आठवा बघता बघता १ च्या खाली उतरला. सेल एकामागे एक जोडलेले असतील तर असा एक सेल बाकी सगळ्यांना खाली ओढतो. तो बदलल्यावर त्याच रात्री फोटो उजळले. अर्थात ती तात्पुरती सोय होती, कारण जुने-नवे सेल एकत्र ठेवू नयेत.

आता निवडीचं बोलू. अल्कलाइन कुठेही मिळतात, स्वस्त असतात, पण त्यांचं व्होल्टेज पहिल्या दिवसापासून उतरत जातं, थंडीत तर फारच. शिवाय संपलेले सेल आत राहिले की गळतात. सेल जिथे टेकतात त्या धातूच्या पट्ट्यांवर पांढरा थर दिसला तर कापसाच्या काडीने थोडं व्हिनेगर लावा, पुसा, पूर्ण वाळू द्या.

रिचार्जेबल निकेल मेटल हायड्राइड सेल १.२ व्होल्टचे, म्हणजे आठ सेलचे १२ ऐवजी ९.६ व्होल्ट. आकडा कमी दिसला तरी फ्लॅशचा झटका ते अल्कलाइनपेक्षा चांगला झेलतात. अडचण कॅमेऱ्याची असते. बॅटरीचं चिन्ह अल्कलाइनच्या हिशोबाने बसवलेलं असेल तर भरलेला संचही अर्धा दिसतो, आणि काही मॉडेल एवढ्या व्होल्टेजला फ्लॅश मंद करतात किंवा बंदच होतात. मॅन्युअलमध्ये या सेलना परवानगी आहे का, ते आधी वाचा. घ्यायचेच तर नुसतं ठेवल्यावरही चार्ज टिकवून धरणारा प्रकार घ्या.

लिथियमचे १.५ व्होल्टचे सेल महाग आहेत आणि पुन्हा चार्ज होत नाहीत, पण शेवटपर्यंत व्होल्टेज धरून ठेवतात आणि उणे ४० अंशांपर्यंत चालतात. मात्र चिन्ह भरलेलंच दिसत राहतं आणि एके दिवशी कॅमेरा अचानक मान टाकतो. त्यामुळे तारीख लिहून ठेवून बदलायचे.

नवे सेल घालूनही तक्रार राहिली तर फोटोच कारण सांगतो. मधोमध पांढरा फटक डाग आला तर लेन्ससमोरचं गवत किंवा फांदी कापा. अर्धीच चौकट उजळली तर एलईडींची एखादी रांग गेली असावी. दिवसाचे फोटो गुलाबी येत असतील तर इन्फ्रारेड फिल्टर, म्हणजे दिवसा इन्फ्रारेड उजेड अडवणारी सरकती काच, अडकला आहे. तोही बॅटरीवरच सरकतो, त्यामुळे पूर्ण भरलेल्या संचावर पुन्हा बघा. आणि कॅमेऱ्याच्या फ्लॅशची तरंगलांबी ९४० नॅनोमीटर असेल तर लांबचं जनावर अंधुक येणं हा बिघाड नाही. ८५० नॅनोमीटरचा फ्लॅश लांब पोचतो, पण त्याची मंद लाल चमक दिसते. ९४० चा उजेड आपल्या डोळ्यांना जवळपास दिसत नाही, मात्र सेन्सर त्याला कमी प्रतिसाद देतो.

आठवड्या-दोन आठवड्यांनी फेरी होत असेल आणि कॅमेरा ९.६ व्होल्टवर नीट चालत असेल, तर मी रिचार्जेबलचे दोन संच घेईन. महिनोन्महिने कॅमेऱ्यापर्यंत जाणं शक्य नसेल किंवा कडाक्याची थंडी असेल, तर लिथियमच, पैसे जास्त गेले तरी. अल्कलाइन घरात चाचणी घेण्यापुरते ठेवा. कोणतेही घेतले तरी रात्रीचे व्हिडिओ दहा सेकंदांचे ठेवा, कारण व्हिडिओभर एलईडी पेटलेले राहतात. रिचार्जेबल सेलवर मार्करने संचाचा क्रमांक लिहा, म्हणजे एका संचातला सेल दुसऱ्यात जाणार नाही.