नवा ग्लायडर, तीन टेस्ट फ्लाइट आणि माझं अडकलेलं डिपॉझिट

खूप दिवस लिहू की नको असं चाललं होतं, कारण यात माझा मूर्खपणा पण भरपूर आहे. पण परवा एक फोन आला (त्याबद्दल शेवटी सांगतो) आणि म्हटलं आता लिहूनच टाकू. पॅराग्लायडर घ्यायचा विचार करत असाल आणि विकणारा म्हणत असेल की "आधी टेस्ट फ्लाइट घे, आवडला तरच घे", तर हे वाचा. विकणाऱ्याचं नाव टाकणार नाही, विचारू पण नका.

तर मी ईएन ए (युरोपियन सुरक्षा वर्गवारीतला नवशिक्यांचा वर्ग) वर शिकलो, दोन सीझन त्याच विंगवर (म्हणजे ग्लायडरच्या कापडी पंखावर) उडलो, आता थर्मलमध्ये (वर चढणाऱ्या गरम हवेत) जरा जास्त वेळ राहता यायला लागलं होतं म्हणून पुढच्या पायरीचं ईएन बी घ्यायचं ठरवलं. विकणारे सर म्हणजे नुसते दुकानदार नाहीत, शिकवतात पण, टेकऑफवर चार लोक त्यांना नमस्कार करतात, त्यामुळे संशय वगैरे घ्यायचा विचारच मनात आला नाही. ते म्हणाले, "नवा कोरा पीस आलाय, तुझ्याच साइजचा. अर्धे पैसे डिपॉझिट ठेव, तीन फ्लाइट घे, नाही पटला तर परत दे." आता याच्यापेक्षा सरळ ऑफर काय असणार? मी त्याच दिवशी पैसे दिले आणि एका पानाच्या फॉर्मवर सही केली. फॉर्मवर लिहिलं होतं "ग्लायडर तपासून नवीन व सुस्थितीत ताब्यात घेतला". तपासून! मी बॅगेची चेन सुद्धा उघडली नव्हती तोवर.

पहिली फ्लाइट सकाळची, हवा एकदम शांत, ९ मिनिटं. टेकऑफला विंग वर येताना मागेच लटकत होती, डोक्यावर यायला मला दोन पावलं जास्त पळावं लागलं. सरांना सांगितलं तर म्हणाले, "नवं कापड आहे, सेट व्हायला वेळ लागतो." दुसरी फ्लाइट १४ मिनिटांची, तेच परत, आणि हात पूर्ण वर सोडले तरी ट्रेलिंग एज, म्हणजे विंगची मागची कड, थोडी खाली ओढल्यासारखी दिसत होती. खरं म्हणजे इथेच थांबायला हवं होतं, हात वर असताना ब्रेक लाइनला (हातातल्या हँडलपासून मागच्या कडेला जाणारी दोरी) थोडी ढील असलीच पाहिजे हे पहिल्या आठवड्यात शिकवतात. पण मला वाटलं मॉडेलच असं असेल. नवीन वस्तूत खोट काढायला आपल्याला लाज वाटते ना, तसं.

तिसरी फ्लाइट ४१ मिनिटांची. थर्मल चांगले होते, उंची जास्त झाली म्हणून बिग इअर्स लावले (खाली यायला विंगची दोन्ही टोकं दुमडणं), मग सोडले. टोकं उघडली पण विंग पुढे जाईना. तोंडावरचा वारा बंद झाला, सगळं शांत झालं, आणि व्हॅरिओ (चढतोय की उतरतोय ते आवाजाने सांगणारं यंत्र) मात्र खाली खाली ओरडतोय. ज्यांनी डीप स्टॉल (विंग फुगलेली असते, पण पुढे न जाता सरळ खाली येते) बद्दल फक्त पुस्तकात वाचलंय त्यांना सांगतो, धक्का वगैरे काही नसतो, ती शांतताच भयंकर असते, कारण सगळं ठीक आहे असंच वाटतं. ब्रेकवरून हात वर सोडले, स्पीड बार (वेग वाढवायची पायातली दांडी) दाबला, मग विंगने पुढे डुबकी मारली आणि वारा परत आला. खाली उतरल्यावर पाय थरथरत होते, आणि मी ठरवलं की हा ग्लायडर घ्यायचा नाही.

सरांना फोन केला तर पहिलं वाक्य, "तुझं वजन कमी पडत असेल." घरी जाऊन सगळं सामान घेऊन काट्यावर उभा राहिलो, मी, हार्नेस (बसायचा पट्ट्यांचा साज), रिझर्व्ह पॅराशूट, हेल्मेट, बूट आणि ग्लायडर धरून ९३ किलो. त्या साइजची रेंज ८० ते १००. म्हणजे वजनाचा प्रश्नच नाही. मग म्हणाले, "अरे ईएन बी सर्टिफाइड आहे, तुझ्या ए सारखा कसा वागेल?" हे उत्तर ऐकायला बरोबर वाटतं म्हणून जास्त धोकादायक आहे. ईएन ९२६-२ ची जी टेस्ट असते ती त्या मॉडेलच्या त्या साइजच्या सॅम्पलवर होते, टेस्ट पायलट कमीत कमी आणि जास्तीत जास्त वजनावर उडून कोलॅप्स (विंग मिटणं), स्पायरल (गोल फिरत वेगाने खाली येणं), डीप स्टॉल सगळं करून बघतात. ते प्रमाणपत्र त्या सॅम्पलसारखाच ट्रिम (लाइन्सच्या, म्हणजे दोऱ्यांच्या लांबीची जुळणी) असलेल्या ग्लायडरला लागू. तुमच्या हातातल्या पीसच्या लाइन्स आखडल्या असतील तर कागदावरचा बी कागदावरच राहिला.

इथे एक गोष्ट समजून घ्या, मला ही फार उशिरा समजली. "टेस्ट फ्लाइट" हा एकच शब्द तीन वेगळ्या गोष्टींना वापरतात. एक, ही सर्टिफिकेशनची. दोन, डीलरने नवा ग्लायडर गिऱ्हाइकाला द्यायच्या आधी स्वतः फुगवून किंवा उडवून बघायचा असतो ती, तिची तारीख आणि सही ग्लायडरच्या आतल्या लेबलवर टाकतात, बऱ्याच कंपन्यांची वॉरंटी त्यावरच अवलंबून असते. आणि तीन, आपण गिऱ्हाईक म्हणून घेतो ती ट्रायल. सर बोलताना या तिन्हीमध्ये इतक्या सहज उड्या मारायचे की मी प्रत्येक वेळी हो हो करत राहिलो. "टेस्ट झालाय" म्हटलं की मला वाटायचं दुसरी, आणि पुढे भांडण झालं तेव्हा तेच सर म्हणाले की टेस्ट तर तू केलीस!

सुदैवाने ग्लायडर तेव्हा माझ्याकडेच होता. मी तो एका दुसऱ्या तपासणीवाल्याकडे नेला, सरांशी ज्याचा काही संबंध नाही अशा. त्याने मशीन बिशीन नंतर काढलं, आधी ब्रेकचं हँडल हातात घेतलं आणि मला विचारलं, "हा कितवा मालक?" मी म्हटलं नवा आहे. तो हसला आणि त्याने ब्रेक लाइन उजेडात धरली. आत्ता जिथे गाठ होती तिच्या खाली अजून दोन ठिकाणी लाइनला वळ पडलेले होते, म्हणजे तिथे आधी गाठी होत्या. कोणीतरी आपल्या हाताप्रमाणे ब्रेक छोटे केले, मग दुसऱ्या कोणीतरी अजून छोटे केले. कंपनीची खूण बरीच खाली होती. नव्या कोऱ्या ग्लायडरवर!

मग मधल्या सेलमध्ये (विंगच्या कापडी कप्प्यात) हात घालून लेबल बाहेर काढलं. टेस्ट फ्लाइटच्या चौकटीत तारीख दीड वर्षापूर्वीची, आणि सही सरांचीच. मी फोटो काढला, हे एकच शहाणपणाचं काम मी या सगळ्या प्रकरणात केलं. सेलच्या कोपऱ्यात गवताच्या बिया आणि माती पण निघाली, आणि मी तर तिन्ही वेळा कापडी शीटवर पसरला होता.

लाइन्स मोजल्या. प्रत्येक लाइन सारख्या ताणाखाली लेझरने मोजतात आणि कंपनीच्या तक्त्याशी जुळवतात, साधारण १० मिलिमीटर इकडे तिकडे चालतं. पुढच्या लाइन्स थोड्या लांबल्या होत्या आणि मागच्या २० मिलिमीटरपेक्षा जास्त आखडल्या होत्या. यामुळे विंगचा मागचा भाग खाली ओढला जातो, विंग हळू होते, स्टॉलच्या जवळ जाते, वर छोटे ब्रेक, म्हणजे टेकऑफला मागे लटकणं आणि ती तिसऱ्या फ्लाइटची शांतता दोन्हीचं उत्तर मिळालं. पोरोसिटी पण बघितली, म्हणजे ठराविक हवा कापडातून आरपार जायला किती सेकंद लागतात ते. नव्या कापडाला काही शे सेकंद लागतात. लीडिंग एजजवळ (विंगच्या पुढच्या कडेला) हे ९० च्या आसपास आलं. तपासणीवाला म्हणाला कापड वाईट नाही, अजून बरंच उडेल, पण याला नवा म्हणणारा माणूस खोटं बोलतोय.

हे सगळं घेऊन सरांकडे गेलो. मला वाटलं होतं आता काय बोलणार. पण माणूस तयारीचा. म्हणाले, लाइन्स तर नव्या ग्लायडरच्या पण पहिल्या काही तासांत थोडी लांबी बदलून बसतात. आता पंचाईत अशी की हे खरंच आहे, म्हणून तर बऱ्याच कंपन्या सुरुवातीच्या काही तासांनंतर ट्रिम बघून घ्यायला सांगतात. लेबलवरच्या तारखेबद्दल म्हणाले, "तेव्हा टेस्ट करून ठेवून दिला होता, कपाटात ठेवल्याने जुना होतो का?" आणि ब्रेकच्या गाठींबद्दल माझ्याकडे बघून म्हणाले, "त्या तूच बदलल्यास. पाच सहा तास उडवलास आणि आता नको म्हणतोस?"

पाच सहा तास! माझ्या व्हॅरिओत तिन्ही फ्लाइटच्या आयजीसी फाइल होत्या, सेकंदा सेकंदाची जीपीएस नोंद, ९ अधिक १४ अधिक ४१, एकूण ६४ मिनिटं. दाखवल्या. त्यावर म्हणाले, व्हॅरिओ बंद ठेवून पण उडता येतं. यावर काय बोलणार, येतंच की.

मग त्यांनी एकदम सूर बदलला. गोड आवाजात म्हणाले, "आपले संबंध खराब कशाला करायचे, ग्लायडर आणून दे, बघून डिपॉझिटचं ठरवू." आणि मी दिला. कोणी म्हणेल इतकं सगळं कळल्यावर दिलास कसा, तर शिकवणाऱ्या माणसासमोर आवाज चढत नाही हो, खरंच नाही चढत. ग्लायडर माझ्याकडे होता तोवर माझं पारडं जड होतं. दुसऱ्या दिवशी मेसेज आला की डाव्या टोकाजवळ भोक आहे, दोन लाइन्सचं आवरण घासलंय, ट्रिम परत करावा लागेल, आणि तीन फ्लाइट झाल्यामुळे आता हा नवा म्हणून विकता येणार नाही, सबब डिपॉझिटमधून एक तृतीयांश कापणार आणि बाकीचे "पीस विकला गेला की". भोक माझ्या आधीचं की नंतरचं हे मी सिद्ध करू शकत नाही, कारण ताब्यात घेताना मी ना फोटो काढले ना व्हिडिओ, वर "सुस्थितीत" वर सही. आपल्याच सहीने आपला गळा.

एक बोलायचं राहिलं, डेमो विंग (ट्रायलला वापरलेली) विकणं यात काहीच चूक नाही. डेमो म्हणून सांगा, तास सांगा, ट्रिम करून द्या, किंमत कमी करा, लोक आनंदाने घेतात. मी पण घेतला असता कदाचित.

काही आठवड्यांनी टेकऑफवर एका मुलाशी बोलणं झालं. मी रंग सांगितला, तर तो म्हणाला, "उजव्या टोकाला आतून छोटा पॅच आहे तोच ना?" त्यानेही त्याच्यावर "टेस्ट फ्लाइट" घेतल्या होत्या, त्यालाही तो नवा म्हणूनच दाखवला होता, त्याचंही डिपॉझिट कापलं होतं, त्याच कारणासाठी, की आता हा नवा म्हणून विकता येणार नाही. त्याच्या ओळखीचा अजून एक जण आहे म्हणे. म्हणजे तो ग्लायडर विकायचाच नाहीये! दर वेळी कोणीतरी तीन फ्लाइट घेणार, त्याला तो मागे लटकतो म्हणून आवडणार नाही, आणि एक तृतीयांश सरांच्या खिशात. ट्रिम दुरुस्त केला तर धंदा बंद. हा माझा अंदाज आहे, पुरावा नाही, पण दीड वर्षात ट्रिम न करण्याचं दुसरं कारण मला तरी सुचत नाही. पैशापेक्षा मला याचीच चीड येते, कारण मी बिग इअर्स बऱ्यापैकी उंचावर सोडले होते. कोणी कमी उंचीवर सोडले असते तर?

आम्ही दोघांनी मिळून लेखी मागणी केली आहे, लाइन्सचा रिपोर्ट, लेबलचा फोटो आणि आयजीसी फाइल जोडून. उत्तर नाही. माझ्या डिपॉझिटमधला एक पैसा अजून परत आलेला नाही.

आता तो परवाचा फोन. अनोळखी मुलगा, आवाजावरून वीस बावीसचा असेल. म्हणाला, "दादा, सरांनी तुमचा नंबर दिला, तुम्ही हा ग्लायडर टेस्ट केलाय आणि चांगला उडतो असं ते म्हणाले." माझाच नंबर! मी दोन मिनिटं हसतच होतो. मग त्याला म्हटलं, ग्लायडर समोर आहे का, मधल्या सेलमध्ये हात घाल, लेबल असेल, त्यावरची तारीख वाच. बराच वेळ कापडाची सळसळ ऐकू येत होती. मग म्हणाला, "लेबल नाहीये दादा. शिवणीची भोकं आहेत फक्त, चौकोनात."

मी विचारलं डिपॉझिट दिलंस का.

म्हणाला, कालच दिलं.